मदरबोर्ड बदलावा केव्हा, वेग वाढवावा किती ?

विंडोज १० या संगणकप्रणालीची सर्वसाधारण सुरक्षासेवा तिच्या उत्पादकांनी दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. त्या प्रणालीवर चालणारे संगणक त्या दिवशी बंद पडले असे नव्हे. परंतु त्यांच्यातील सुरक्षेच्या उणिवा यापुढे पूर्वीप्रमाणे आपोआप बुजविल्या जाणार नाहीत. तिच्या जागी २०२१ साली आलेली विंडोज ११ ही प्रणाली प्रत्येक जुन्या संगणकावर अधिकृतपणे चालत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीच्या बहुतांशी रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर तिला लागतात, आणि त्याखेरीज टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही संगणकात असावी लागते. परिणामी, दिसावयास धडधाकट असलेला संगणक मोडीत काढावा की त्यातील काही भाग बदलून त्याचे आयुष्य वाढवावे, असा प्रश्न शाळा, पंचायती आणि सामान्य कुटुंबे यांच्यापुढे उभा राहिला आहे.

डिचोली तालुक्यातील पाळीसारख्या गावात या प्रश्नाला विशेष धार आहे. पाळी, वेळगे, सुर्ल हा लोहखनिजाच्या खाणींचा परिसर. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणव्यवसाय बंद झाला, तेव्हा येथील अनेक घरांची मिळकत आटली. ज्या घरात मुलासाठी एकदा संगणक घेतला, त्या घरात दुसरा संगणक घेणे ही किरकोळ बाब नाही. दुसरीकडे, या शतकाच्या आरंभी गोवा शासनाने ‘सायबरएज’ योजनेखाली उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना संगणक देण्यास प्रारंभ केल्यापासून संगणक ही वस्तू खेड्यातील घराला परकी राहिलेली नाही. तरुण मुले आता संगणक उघडतात, त्यातील भाग बदलतात आणि बायोसमध्ये जाऊन त्याचा वेग वाढविण्याचा प्रयत्नही करतात. हे कुतूहल स्वागतार्ह आहे. मात्र पैसा कोठे घालावा आणि वेग कोठे थांबवावा, याचा विवेक राहावा म्हणून या विषयाची मूलतत्त्वे समजून घेणे आवश्यक आहे.

मदरबोर्ड : संगणकाचा पाया

संगणकाच्या पेटीत जो मोठा, सपाट फलक दिसतो, त्यास मदरबोर्ड म्हणतात. गणित करणारा प्रोसेसर, तात्पुरती स्मृती म्हणजे रॅम, माहिती साठविणारी डिस्क, कळफलक, पडदा या सर्वांना जोडणारे रस्ते याच फलकावर असतात. परंतु मदरबोर्डाचे आणखी एक काम असते आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे प्रोसेसरला योग्य दाबाची वीज पुरविणे.

पेटीतील वीजपुरवठ्याचा संच मदरबोर्डास १२ व्होल्ट दाबाची वीज देतो. प्रोसेसरला मात्र साधारणतः १ ते १.४ व्होल्ट एवढाच दाब चालतो. हे रूपांतर प्रोसेसरच्या बैठकीलगत असलेल्या छोट्या मंडलांकडून होते. दाब कमी म्हणून प्रवाहही कमी, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती उलट आहे. १०० वॅट शक्ती १.२५ व्होल्ट दाबाने द्यावयाची झाल्यास ८० अँपिअर प्रवाह लागतो. घरातील १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर जेमतेम साडेचार अँपिअर प्रवाह घेते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बोटभर मंडलांवर किती भार पडतो याची कल्पना येईल.

स्वस्त मदरबोर्ड बनविताना उत्पादक काटकसर करतात ती बहुधा येथेच. महाग फलकावर वीज वाहणारी मंडले संख्येने अधिक असतात, भार त्यांच्यात वाटला जातो आणि त्यांच्यावर उष्णता पसरविणाऱ्या धातूच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. स्वस्त फलकावर मंडले थोडी असतात आणि पट्ट्या नसतातही. नेहमीच्या कामासाठी एवढे पुरते. परंतु अशा फलकावर मोठा प्रोसेसर बसविला किंवा लहान प्रोसेसरचा वेग वाढविला, तर ही मंडले तापतात आणि संगणक स्वतःच्या रक्षणासाठी वेग आपोआप उतरवितो. मग अधिक पैसे मोजून आणलेला प्रोसेसर कमी वेगाने चालतो आणि त्याचे कारण मालकास उमगत नाही.

बदलण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

मदरबोर्ड बदलणे म्हणजे घराचे वासे तसेच ठेवून पाया बदलण्यासारखे आहे. एक भाग बदलला की त्याला लागून असलेले आणखी दोन भाग बदलावे लागतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी पुढील पाच गोष्टींची खात्री करून घ्यावी.

पहिली गोष्ट म्हणजे प्रोसेसरची बैठक, अर्थात सॉकेट. सॉकेटचे नाव सारखे असले म्हणजे प्रोसेसर चालेलच, असे नाही. इंटेलची सहावी व सातवी पिढी आणि आठवी व नववी पिढी या दोहोंच्या सॉकेटचे नाव एलजीए ११५१ असेच आहे. तथापि, आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या १०० व २०० मालिकेच्या फलकांवर अधिकृतपणे चालत नाही. केवळ नाव पाहून वापरलेला प्रोसेसर विकत घेणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते.

दुसरी गोष्ट रॅमची. २०१३ च्या सुमारास आलेल्या चौथ्या पिढीच्या संगणकांत डीडीआर ३ जातीची रॅम असते. ती डीडीआर ४ च्या फलकावर बसतच नाही. त्यामुळे अशा संगणकाचा मदरबोर्ड बदलावयाचा म्हणजे प्रोसेसर आणि रॅमही नवीन घ्यावी लागते. सहाव्या व सातव्या पिढीच्या बहुतेक संगणकांत मात्र डीडीआर ४ असते, ती पुढच्या फलकावर कामास येऊ शकते आणि तेवढा खर्च वाचतो.

तिसरी गोष्ट पेटीच्या आकाराची. शाळा व कार्यालये यांना मोठ्या कंपन्यांकडून मिळालेल्या छोट्या आकाराच्या संगणकांत मदरबोर्डाचा आकार आणि विजेच्या जोडण्या कित्येकदा त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीच्या असतात. बाजारात मिळणारा सर्वसाधारण फलक त्यांत बसत नाही. अशा वेळी पेटी व वीजसंचही बदलावा लागल्यास जुना संगणक सुधारण्याचा मूळ हेतूच विफल होतो.

चौथी गोष्ट परवान्याची. संगणकासोबत कारखान्यातून आलेला विंडोजचा परवाना बहुधा त्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. फलक बदलला की परवान्याचा प्रश्न नव्याने उपस्थित होतो. खरेदीचा हिशेब मांडताना शासकीय कार्यालयांनी आणि शाळांनी ही बाब विसरू नये.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे : मदरबोर्ड खरोखर बदलावयास हवा काय ? एएमडीच्या एएम ४ सॉकेटचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. २०१७ साली रायझन प्रोसेसरबरोबर बाजारात सर्वत्र आलेल्या या सॉकेटचे ए ३२० चिपसेट असलेले फलक स्वस्तात स्वस्त गणले जात. त्यांवर रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालणार नाहीत, असे प्रारंभीचे धोरण होते. २०२२ साली एएमडीने ते बदलले, आणि अनेक उत्पादकांनी आपापल्या जुन्या फलकांसाठी नवा बायोस उपलब्ध करून दिला. ज्याने तो बायोस बसविला, त्याला नवा मदरबोर्ड घेण्याची गरज उरली नाही. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी आपल्या फलकाचा नेमका क्रमांक पाहून, त्याच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेली प्रोसेसरांची यादी तपासणे हा या कामातील पहिला आणि बिनखर्चाचा टप्पा होय.

बायोसची कामगिरी

संगणकाचे बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स सुरू होईपर्यंत जे काही घडते, ते बायोसच्या देखरेखीखाली घडते. ही एका छोट्या चिपमध्ये कायम ठेवलेली आज्ञावली आहे. ‘बायोस’ हा शब्द १९७० च्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी आपल्या सीपी/एम या प्रणालीच्या संदर्भात वापरला आणि १९८१ सालच्या आयबीएमच्या व्यक्तिगत संगणकापासून तो सर्वतोमुखी झाला. आजच्या संगणकांत तिची जागा यूईएफआय या नव्या आज्ञावलीने घेतली आहे. तरी व्यवहारात बायोस हेच नाव रूढ आहे.

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ २ यांसारखी कळ दाबली असता बायोसचा पडदा उघडतो. तेथे प्रत्येक भागाचे तापमान, पंख्याचा वेग, रॅमचा वेग इत्यादी तपशील दिसतो. येथील काही नोंदी केवळ पाहण्यासारख्या असतात, काही बदलता येतात. आठव्या पिढीचा संगणक असूनही विंडोज ११ बसत नाही अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. अशा वेळी टीपीएमची सोय फलकात असून ती बायोसमध्ये बंद ठेवलेली आढळते. एक नोंद बदलली की अडचण दूर होते. त्याचप्रमाणे, संगणकाची तारीख वारंवार मागे जात असेल, तर दोष बहुधा फलकावरील नाण्याएवढ्या तीन व्होल्टच्या बॅटरीत असतो. तेवढ्यासाठी मदरबोर्ड बदलणे अनाठायी होय.

रॅमच्या बाबतीतही बायोसचा अधिकार चालतो. ३२०० असा अंक छापलेली डीडीआर ४ रॅम पुष्कळदा २१३३ किंवा २४०० याच वेगाने चालताना दिसते. छापील वेग मिळविण्यासाठी बायोसमधील एक्सएमपी ही नोंद चालू करावी लागते, आणि फलकाच्या चिपसेटने तशी मुभा दिलेली असावी लागते. इंटेलच्या बी मालिकेतील फलकांना ही मुभा २०२१ सालच्या बी ५६० पासून मिळाली. त्यापूर्वीच्या स्वस्त फलकांवर महाग रॅम बसविली तरी ती ठराविक मर्यादेपलीकडे धावत नाही. याउलट, एकच मोठी रॅमपट्टी घालण्याऐवजी सारख्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसविल्या, तर माहितीची वाट दुप्पट रुंद होते. २४०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला सुमारे १९ गिगाबाइट माहितीची ने-आण होऊ शकते, दोन पट्ट्यांतून ती सुमारे ३८ गिगाबाइटपर्यंत जाते. ज्या संगणकात चित्रांसाठी वेगळे कार्ड नाही, त्याला याचा लाभ विशेष जाणवतो.

घड्याळाचे गणित

प्रोसेसर ठोक्यांवर काम करतो. मदरबोर्डावरील मूळ घड्याळ सेकंदाला १० कोटी ठोके देते, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. गुणक ३६ असेल तर वेग ३.६ गिगाहर्ट्झ होतो. उत्पादकाने ठरविलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालविणे, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्यासाठी गुणक तरी वाढवावा लागतो, किंवा मूळ घड्याळ तरी.

या प्रयोगाची कीर्ती वाढविली ती १९९८ साली आलेल्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरने. त्याचे मूळ घड्याळ ६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक साडेचार, म्हणून वेग ३००. तोच प्रोसेसर १०० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर बसविला की ४५० च्या वेगाने चाले. एका पैशाचाही अधिक खर्च न करता वेग दीडपट होत असे. ‘स्वस्त संगणकातून महाग संगणक काढता येतो’ ही समजूत त्या काळापासून दृढ झाली.

आज परिस्थिती पालटली आहे. आजचे प्रोसेसर आपले तापमान व वीज पाहून स्वतःच वेग वाढवितात. उदाहरणार्थ, २०१९ चा रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर ३.६ गिगाहर्ट्झ मूळ वेगाचा असला, तरी गरजेनुसार ४.२ पर्यंत आपोआप जातो. कोणी हाताने त्याचा वेग ४.१ असा कायम केला, तर सर्व गाभे एकदम कामास लागले असताना थोडा लाभ होतो. परंतु एकाच गाभ्यावर चालणाऱ्या कामात पूर्वीचा ४.२ चा वेग हातचा जातो. ज्याला वाढ समजावे ती येथे घट ठरते.

शिवाय वेगाची किंमत उष्णतेत मोजावी लागते. प्रोसेसरला लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग दहा टक्क्यांनी वाढविला आणि तो टिकावा म्हणून दाब १.२५ वरून १.३५ व्होल्ट केला. हिशेब केल्यास शक्ती सुमारे २८ टक्क्यांनी वाढते. दहा टक्के वेगासाठी २८ टक्के उष्णता, असा हा सौदा आहे.

त्या दहा टक्क्यांचे प्रत्यक्ष फळ किती, हेही पाहावे. एखाद्या कामास दहा मिनिटे लागतात आणि त्यांपैकी चार मिनिटे प्रोसेसरची, बाकीची सहा डिस्कची वाट पाहण्यात जातात असे धरू. प्रोसेसर दहा टक्के वेगवान केल्याने सुमारे २२ सेकंद वाचतील. तेच जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली, तर त्या सहा मिनिटांचा मोठा भाग वाचेल. कारण फिरत्या डिस्कला माहितीचा एक तुकडा शोधण्यास जेवढा वेळ लागतो, त्याच्या शतांशाइतक्या वेळात एसएसडी तो देऊ शकते.

मर्यादा कोण घालतो ?

वेग वाढविण्यास पहिली आडकाठी असते ती चिपसेटची. इंटेलच्या बाबतीत गुणक बदलण्याची मुभा सर्वसाधारणपणे ‘के’ अक्षर असलेल्या प्रोसेसरांना आणि झेड मालिकेच्या फलकांनाच आहे. एच आणि बी मालिकेच्या स्वस्त फलकांवर ती नाही. एएमडीचे धोरण अधिक उदार आहे. एएम ४ सॉकेटच्या बी ३५०, बी ४५०, बी ५५० या फलकांवर गुणक बदलता येतो. ए ३२० आणि ए ५२० यांवर येत नाही. म्हणजे ए ३२० च्या जागी बी ४५० बसविणाऱ्यास नवा प्रोसेसर न घेताही ही कवाडे उघडतात. स्वस्त संगणकाचा मदरबोर्ड बदलण्याची ओढ तरुणांना वाटते ती बहुधा यामुळेच.

दुसरी आडकाठी बायोसची, आणि ती कधीही पुढे-मागे होऊ शकते. २०१५ च्या अखेरीस काही मदरबोर्ड उत्पादकांनी खास बायोस काढून इंटेलच्या सहाव्या पिढीच्या साध्या प्रोसेसरांचाही वेग मूळ घड्याळावाटे वाढविण्याची सोय दिली होती. २०१६ च्या आरंभी ती मागे घेण्यात आली. एखाद्या युक्तीवर विसंबून खरेदी करू नये, हा त्यातील बोध होय.

तिसरी आडकाठी वीज व उष्णता यांची, आणि ती कोणत्याही बायोसला हटविता येत नाही. कारखान्यातून आलेल्या मर्यादाही नेहमी निर्दोष असतात असे नाही. २०२३ साली काही मदरबोर्डांनी रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरांना अधिक दाब दिल्याने प्रोसेसर जळाल्याच्या घटना घडल्या आणि नव्या बायोसद्वारे त्या दाबास १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अवाजवी दाबामुळे अस्थिर होत असल्याचे आढळले आणि तेथेही उपाय बायोसवाटेच आला. ज्यांच्यापाशी प्रयोगशाळा आहेत त्यांच्याही हातून दाबाची मात्रा चुकू शकते. मग घरगुती प्रयोगात किती सावध असावे, हे निराळे सांगावयास नको.

पाळीचे हवामान आणि वीज

वेग वाढविण्याचे जे विक्रम छापून येतात, ते बहुधा थंड, कोरड्या खोलीत केलेले असतात. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मे महिन्यात दुपारी पंख्याखालील खोलीतही ३३ अंशांच्या आसपास तापमान असते. २५ अंशांच्या खोलीत ८२ अंशांवर स्थिरावणारा प्रोसेसर येथे ९० च्या घरात जातो. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःचा वेग उतरवितात. म्हणजे जानेवारीत यशस्वी ठरलेला प्रयोग मे महिन्यात फसू शकतो.

खाणपट्ट्यातील तांबडी धूळ ही दुसरी अडचण. ती पंख्यात आणि उष्णता पसरविणाऱ्या पात्यांत साचते, हवा अडते आणि तापमान चढते. पावसाळ्यातील दमट हवेत तीच धूळ ओलावा धरून ठेवते, आणि त्यामुळे जोडण्यांवर गंज चढतो. दर दोन-तीन महिन्यांनी वीज पूर्ण बंद करून मऊ कुंचल्याने धूळ काढणे आणि काही वर्षांनी प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप बदलणे, एवढ्याने कित्येक संगणकांचा हरवलेला वेग परत मिळतो. पुष्कळदा संगणक ‘जुना झाला’ असे म्हटले जाते तेव्हा तो केवळ धुळीने गुदमरलेला असतो.

तिसरी अडचण विजेची. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात गडगडाट होतो, वीज जाते-येते, दाब वरखाली होतो. बायोस बदलत असताना मध्येच वीज गेली, तर त्या चिपमधील आज्ञावली अर्धवट राहते आणि ज्या फलकावर तिच्या दुरुस्तीची सोय नाही तो फलक निरुपयोगी होऊ शकतो. म्हणून बायोस बदलण्याचे काम यूपीएस असल्याशिवाय हाती घेऊ नये, आणि ढगांचा गडगडाट सुरू असताना तर मुळीच घेऊ नये. घरातील अर्थिंग नीट आहे की नाही, हे वायरमनकडून पाहून घेणेही तितकेच आवश्यक आहे.

प्रयोग करावयाचाच असेल तर

शिकण्याच्या हेतूने एखाद्या विद्यार्थ्यास स्वतःच्या संगणकावर हा प्रयोग करावयाचा असेल, तर तो शिस्तीने करावा. प्रथम सर्व माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. बायोसमधील मूळ नोंदींची मोबाईलवर छायाचित्रे घ्यावीत. संगणक मूळ वेगाने पूर्ण भारावर अर्धा तास चालवून तापमान टिपून ठेवावे. ते आधीच ८५ अंशांच्या पुढे असेल, तर प्रयोग तेथेच संपला असे समजावे.

त्यानंतर गुणक एका अंकाने, म्हणजे १०० मेगाहर्ट्झने वाढवावा. एका वेळी एकच नोंद बदलावी. प्रत्येक पायरीवर संगणक पूर्ण भारावर चालवून पाहावा, तापमान वहीत लिहावे. रॅमचा वेग बदलला असल्यास मेमटेस्ट ८६ प्लससारख्या मोफत आज्ञावलीने रॅम रात्रभर तपासावी. पहिली चूक दिसताच एक-दोन पायऱ्या मागे यावे. स्वस्त फलकावर दाब वाढविण्याच्या वाटेस जाऊ नये. संगणक सुरूच होईनासा झाला, तर वीज काढून फलकावरील बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवली असता बायोसच्या नोंदी सामान्यतः मूळपदावर येतात. वेग वाढविल्याने झालेली हानी बहुधा हमीत बसत नाही, याचीही जाणीव ठेवावी.

शाळेत अशा वहीचा उपयोग विज्ञानाच्या पाठासाठी होऊ शकेल. वेग, दाब आणि तापमान यांचे आलेख काढून पाहिले म्हणजे शक्तीचे सूत्र विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते.

याच पडद्यावर उलट दिशेचा प्रयोगही करता येतो, आणि आपल्या हवामानात तोच अधिक हितावह आहे. अनेक एएमडी फलकांवर ६५ वॅट वर्गातील प्रोसेसर ४५ वॅट वर्गात चालविण्याची सोय असते. नेहमीच्या कामात वेगात पडणारा फरक क्वचितच जाणवतो. उष्णता, पंख्याचा आवाज आणि विजेचा खप मात्र कमी होतात. यूपीएसवर संगणक अधिक वेळ तग धरतो. बायोसच्या मर्यादा शोधावयाच्या त्या केवळ वरच्याच असल्या पाहिजेत, असे नाही.

कार्यालये आणि शाळा यांच्यासाठी

पंचायतीच्या, शाळेच्या अथवा कोणत्याही कार्यालयाच्या संगणकावर ओव्हरक्लॉकिंग करू नये. वेग मर्यादेच्या काठावर नेलेला संगणक नेहमी बंदच पडतो असे नाही. कधी कधी तो चालू राहून चुकीचे लिहितो. घरपट्टीच्या हिशेबातील एक अंक किंवा विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेतील एक नोंद बिघडली, तर ती चूक कित्येक महिने लक्षात येत नाही. लोकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या यंत्रात वेगापेक्षा विश्वासार्हतेचे मोल अधिक आहे. भाग बदलावयाचे झाल्यास सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, देखभालीच्या कराराच्या अटी पाहाव्यात आणि काढलेल्या व बसविलेल्या भागांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करावी.

खर्चाचा क्रमही ठरवून घ्यावा. प्रथम सफाई आणि बायोसच्या नोंदींची तपासणी. नंतर एसएसडी. त्यानंतर रॅमची दुसरी पट्टी. त्यानंतर जुन्याच फलकावर चालणारा अधिक चांगला प्रोसेसर. या चारही उपायांनी भागत नसेल, तरच मदरबोर्ड. आणि मदरबोर्ड, प्रोसेसर व रॅम ही तिन्ही बदलावी लागत असतील, तर त्या खर्चाची तुलना नव्या संगणकाच्या किमतीशी अवश्य करावी.

जेथे विंडोज ११ बसत नाही आणि खर्चही झेपत नाही, तेथे लिनक्सचा पर्याय खुला आहे. गोव्याला तो नवा नाही. २००० सालानंतरच्या काळात परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने वापरलेले संगणक आणून, त्यांवर लिनक्स बसवून ते येथील शाळांना देण्याचा प्रकल्प राबविला गेला होता. केरळमधील शाळा आज मोठ्या प्रमाणावर मुक्त प्रणालींवर चालतात. सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेने तयार केलेली बॉस ही लिनक्स प्रणाली मराठी आणि कोंकणीसह भारतीय भाषांत काम करू देते. पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते आणि इंटरनेट एवढ्या कामांसाठी दहा वर्षांपूर्वीचा संगणक अशा प्रणालीवर समाधानकारक चालू शकतो.

काढून टाकलेले भाग भंगारात किंवा उकिरड्यावर जाता कामा नयेत. मदरबोर्डात तांबे आणि थोडे सोने असते, तसे शिशासारखे घातक पदार्थही असू शकतात. उघड्यावर जाळलेले फलक आणि तारा यांचा धूर आरोग्यास अपायकारक असतो. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार अशा वस्तूंचे पुनर्चक्रण नोंदणीकृत व्यावसायिकांकडूनच व्हावयास हवे. गावातील जुने भाग शाळेत किंवा पंचायतीत एकत्र जमा करून ते एकदम पाठविणे सोयीचे होईल. चालू स्थितीतील जुना फलक मात्र टाकून न देता औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील किंवा शाळेतील विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी द्यावा.

स्वस्त संगणक घेणे यात काही कमीपणा नाही. त्याला कोठे मर्यादा आहेत, त्यांतील कोणत्या नोंद बदलून दूर होतात, कोणत्या पैशाने दूर होतात आणि कोणत्या निसर्गनियमानेच घातलेल्या आहेत, हे ओळखले म्हणजे थोडक्या खर्चात तो आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतो. पाळीतील एखाद्या घराने वा शाळेने नवा मदरबोर्ड आणण्यापूर्वी जुन्याच फलकाचा क्रमांक आणि बायोसचा पडदा एकदा नीट वाचला, तर त्या वाचनाचा मोबदला पहिल्याच दिवशी मिळण्याचा संभव आहे.